पाटोदेकर साहेबांची बदलवही

ये गं ऋतुजा, अशी जवळ सरक, तो मोबाइल पालथा घाल आणि ऐक. असं म्हणायचं होतं मला, पण तू येशील तेव्हा ना! बिडकीनच्या कंपनीत लागून तुला सहा महिने झाले. कंपनीची बस रोज माझ्या गल्लीच्या तोंडावरून जाते. एकदा उतरलीस तर पाय झिजतील का तुझे? आणि परवा फोन केलास तोही कसा! "मावशी, खरं सांगा, पप्पांना दवाखान्यातून काढलं तेव्हा चूक पप्पांचीच होती का?" एवढं विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी बस आली. बापाबद्दल असं विचारतात व्हय, रस्त्यावर उभं राहून?

म्हणून लिहिते. उत्तर एका ओळीचं आहे. पण तेवढंच दिलं तर तुला पाटोदेकर साहेब कळायचे नाहीत, आणि ते कळल्याशिवाय उत्तराचा तुला काही उपयोग नाही.

आमचा ट्रस्टचा दवाखाना तुला आठवत असेल. मी तिथं केसपेपर काढायची. बारावी शिकलेली बाई. कॉम्प्युटरचा कोर्स नाही, काही नाही. एक दिवस टेबलावर आणून ठेवला, मी बसले. मराठी टायपिंग चांगलं म्हणून मला वर मशीनच्या खोलीत घेतलं. तिथं आम्ही तिघं. मी, तुझे पप्पा आणि पाटोदेकर साहेब.

साहेब उंच, काटकुळे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. मशीनच्या खोलीत एसी कायम सोळावर, म्हणून अंगात राखाडी स्वेटर. मे महिन्यात तो स्वेटर घालून ते व्हरांड्यातून चालत जायचे आणि घाम येत नसे. पेशंटचे नातेवाईक वळून बघायचे. दुपारी तीनला भाजलेले शेंगदाणे खायचे, एकटे. प्रत्येक दाण्याचं टरफल काढायचं, लाल पापुद्रा काढायचा, दाणा दोन फाकांत उघडून आतला कोंब काढून टाकायचा आणि मग खायचा. पंचवीस दाण्यांना अर्धा तास. समोर आपण उपाशी बसलो असलो तरी "घ्या" म्हणून म्हणायचे नाहीत.

कुणाचं मशीन अडलं की साहेबांना बोलवायचं. ते यायचे, काही न बोलता खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टकटक वाजवायचे. म्हणजे उठा. आपण उठलो की खिशातून रुमाल काढून आपला कीबोर्ड पुसायचे. काम झालं की परत पुसायचे, आणि मग स्वतःची बोटं पुसायचे. काउंटरवरच्या शोभाला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली. साहेबांना कुणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "रडायची सोय खाली ओपीडीत आहे. इथं यंत्रं आहेत."

आणि काम करताना पाठ अशी वाकवून बसायचे की पडद्यावरचं एक अक्षर दिसू नये. शेवटी टाइप केलेलं सगळं पुसून टाकायचे, मागं काही राहू द्यायचे नाहीत. "साहेब, काय झालं होतं?" विचारलं की, "झालं होतं. आता नाही." बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला शिकवलेली एक गोष्ट सांग म्हणशील तर नाही सांगता यायची. जे आलं ते त्यांच्या अपमानातून वेचून आलं.

कारण अपमान करायची त्यांची एक रीत होती. दुरुस्तीच्या आधी चूक वाचायला लावायचे, सगळ्यांसमोर.

"वाचा. मोठ्यानं."

"परमिशन डिनाइड, साहेब."

"मराठीत."

"परवानगी नाकारली."

"कुणी नाकारली?"

इथं माणूस नुसता पडद्याकडं बघायचा. मग साहेब म्हणायचे, "ज्याला नाकारणारा माहीत नाही, त्यानं दार वाजवू नये. उठा."

पण पोरी, तू आता याच कामात आहेस म्हणून सांगते, प्रश्न सोन्यासारखा होता. कुणी नाकारली? आमच्याकडं एका दणकट मशीनच्या पोटात चार-पाच व्हर्च्युअल, म्हणजे नुसती प्रोग्रामनं उभी केलेली मशीनं चालायची. एक लॅबचं, एक औषधांचं, एक केसपेपरचं. त्यांच्या डिस्क मात्र त्या पोटात नव्हत्या. त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या स्टोरेजच्या पेटीत. म्हणजे आतलं मशीन सुरू करायचं तर किती ठिकाणी अडवणूक! पोटात घेणारं खालचं मशीन अडवेल, आतलं मशीन चालवणारा युजर अडेल, नाहीतर ती पेटी नाही म्हणेल. पडद्यावर मात्र सगळ्यांचं वाक्य एकच, परवानगी नाकारली. हे मला कुणी सांगितलं नाही. बारा वर्षं दुसऱ्यांना उठवताना ऐकत ऐकत मी घरी जाऊन वहीत चित्रं काढायची, हे दार, ते दार. असं कळलं.

एकदा वाळूजहून एक इंजिनियर आला होता, टाय बिय लावून. त्यालाही हीच अडचण आली आणि त्यानं सरळ सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करून टाकल्या. तीन सात, म्हणतात त्याला. मशीन लगेच चालू झालं. तो हसतमुखानं चहा मागायला लागला. साहेबांनी त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला.

"घरचा पत्ता लिहा."

"कशाला सर?"

"दार उघडं टाकून झोपत असाल. चार माणसांना कळवतो."

तो हसला, त्याला गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत त्याच्या मालकाला पत्र गेलं होतं. सोबत पडद्याचा फोटो आणि खाली एक ओळ, "हे गृहस्थ पुन्हा दिसू नयेत." पुन्हा दिसले नाहीत. आता तूच सांग, चूक त्याची होतीच. पेशंटचे रिपोर्ट असे सगळ्यांना उघडे टाकायचे नसतात. साहेबांचं हेच तर होतं. ते बरोबरच असायचे. चूक असलेला दुष्ट माणूस सोपा गं, त्याला बोलता येतं.

घरच्यांशी तरी बरे असतील म्हणावं, तर एकदा साहेबांची बायको, आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या. साहेब सकाळी डबा विसरले होते. ऊन मी म्हणत होतं, वहिनी पार घामाघूम. मशीनच्या खोलीबाहेर रजिस्टर असायचं, बाहेरच्या माणसानं नाव लिहून थांबायचं. तुझ्या पप्पांनी दार उघडलं, "या वहिनी, आत बसा गारव्याला." साहेब आतूनच म्हणाले, "रजिस्टर."

वहिनींनी नाव लिहिलं. कुणाला भेटायचं, ते लिहिलं. पुढचा रकाना होता नात्याचा. त्या पेन धरून क्षणभर थांबल्या आणि लिहिलं, "ओळख आहे." डबा स्टुलावर ठेवून गेल्या. साहेबांनी नंतर रजिस्टर तपासलं, वाचलं, आणि खाली सही केली. मी आणि तुझ्या पप्पांनी एकमेकांकडं बघितलं नाही, हसू फुटलं असतं. आणि दुसरंही काही फुटलं असतं.

आता तुझे पप्पा. फर्दापूरचा माणूस, लहानपण लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मागं गेलेलं, त्यामुळं इंग्रजी कसं, गाइडसारखं, हात पुढं करून. साहेब चूक वाचायला लावायचे तेव्हा "परमिशन डिनाइड" असं म्हणायचे की वाटावं, आता डावीकडं बुद्ध दाखवणार. आम्ही हसायचो. साहेब म्हणायचे, "सोनवणे, तिकीट लावा." पप्पाही हसायचे. त्या माणसाला राग यायचाच नाही, हीच त्याची मोठी खोड. शिकायची हौस मात्र लई. साहेब उठून गेले की मला हळूच विचारायचे, "ताई, आज कोणतं दार होतं?"

तर ती घटना. जुनी पेटी बदलून नवी स्टोरेज पेटी आली. शनिवारी दुपारी साहेबांनी एकट्यानं सगळ्या डिस्क नव्या पेटीत नेल्या. आम्हाला खोलीबाहेर बसवलं होतं. चारला बाहेर आले, बोटं पुसली, "झालं." आणि झालंच होतं. रविवार, सोमवार, मंगळवार सगळं व्यवस्थित चाललं.

बुधवारी सकाळी साडेदहाला लॅबचा प्रोग्राम अडकला. खाली रिपोर्टसाठी ही रांग, वर ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई, तिच्या रक्ताचा रिपोर्ट हवा. साहेब ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये, आणि मीटिंगमध्ये फोन करायचा नाही हा त्यांचाच नियम. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात कागद होता : "लॅब अडकल्यास मशीन बंद करून पुन्हा सुरू करावे." तुझ्या पप्पांनी कागद वाचला, मला विचारलं, "ताई, करू ना?" मी म्हटलं, "करा." हे लिहून ठेव, मी म्हटलं होतं.

मशीन बंद झालं. सुरू होईना. परवानगी नाकारली.

मीटिंग सोडून साहेब आले तोपर्यंत दारात लॅबचे डॉक्टर, दोन नर्सा आणि दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर मॅडम उभ्या होत्या. साहेबांनी घाई केली नाही. खुर्चीवर दोन बोटं टकटक. पप्पा उठले.

"वाचा."

"साहेब, टेबलावर पेशंट आहे..."

"वाचा. मोठ्यानं."

पप्पांनी वाचलं. त्या दिवशी गाइडचा आवाज निघाला नाही.

"कुणी नाकारली?"

आणि ऋतुजा, तुझे पप्पा म्हणाले, "पेटीनं, साहेब. नव्या पेटीनं."

साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अंदाजानं बोलू नका." रुमाल काढला, कीबोर्ड पुसला, पाठ वाकवली. चार मिनिटांत मशीन सुरू. त्या बाईचा रिपोर्ट मिळाला, ती वाचली, ते एक बरं झालं.

मॅडमनी तिथंच विचारलं, "पाटोदेकर, आधी चालू होतं?"

"होतं."

"मध्ये हात कुणी लावला?"

"सोनवणेंनी."

"नंतर बंद पडलं?"

"नंतर सुरू होत नव्हतं."

एक शब्द खोटा नाही, बघ. मॅडम तापलेल्या, पेशंट दगावली असती म्हणून हादरलेल्या. मी म्हटलं, "मॅडम, भिंतीवर लिहिलेलं आहे, त्याप्रमाणंच केलं." त्या म्हणाल्या, "तुम्ही मध्ये बोलू नका." मी मध्ये बोलले नाही. दुपारी पप्पांच्या हातात कागद पडला. अनधिकृत बदल केल्याबद्दल सेवा समाप्त.

पप्पा साहेबांच्या टेबलापाशी गेले. तीन वाजले होते, दाणे सोलणं चाललं होतं. "साहेब, तुम्ही सांगा ना मॅडमना. मी फक्त बंद करून चालू केलं. बदल मला येतोय कुठं?"

साहेब दाण्यातला कोंब काढत म्हणाले, "मला विचारलं तर सांगेन."

दोन मुली शाळेत आहेत, म्हणाले पप्पा. साहेबांनी पुढचा दाणा घेतला. अर्ध्या तासानं पप्पा टिफिन घेऊन गेले. शहरात त्यांना कुणी उभं केलं नाही. जिथं जातील तिथं विचारायचे, आधीच्या ठिकाणाहून का काढलं? आणि हा भाबडा माणूस तो कागदच दाखवायचा. सहा महिन्यांत तुम्ही सगळे फर्दापूरला गेलात, आणि पप्पा लॉजच्या काउंटरवर पाहुण्यांची नावं लिहायला लागले.

आता बदलवही. साहेब रोज पावणेसहाला एक जाड बांधीव वही उघडायचे. समास आखलेला, शाईचं पेन, अक्षर मोत्यासारखं. दिवसभरात यंत्रणेत काय बदललं, कुणी, का, ते सगळं लिहायचे आणि वही कपाटात कुलपात. आम्ही ती कधी बघितली नव्हती. तुम्ही शहर सोडलंत त्याच्या पुढच्या महिन्यात साहेबांनी ती माझ्यापुढं ठेवली. निवृत्ती जवळ आली होती, सगळी वही टाइप करून हवी होती.

मी टाइप करत करत त्या शनिवारावर आले. लिहिलं होतं : "नव्या पेटीवर खालच्या मशीनच्या रूटचा प्रवेश बंद. फोल्डर फक्त मशीन चालवणाऱ्या युजरला खुले. बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी राहिली."

तुला लगेच कळेल, पण पप्पांसाठी साधं करून लिहिते. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला आपल्या मशीनवर कुणी अडवत नाही. पण दुसऱ्या टोकाच्या पेटीनं ठरवलं की या मालकाला ओळखायचं नाही, तर तिथं तो कुणीच नाही. फोल्डरमध्ये डोकावतासुद्धा येत नाही. लॅबचं मशीन हा बदल व्हायच्या आधीच नव्या पेटीवर सुरू झालेलं, त्याची फाइल उघडलेलीच होती, म्हणून चार दिवस चाललं. जो कुणी ते पहिल्यांदा बंद करेल, त्याच्या हातात ते मरणार होतं. तो हात तुझ्या पप्पांचा निघाला. माझा निघू शकला असता.

पान उलटलं. बुधवार. "लॅब मशीन सुरू होईना. कारण : शनिवारचा माझा बदल. दुरुस्त केले. वेळ चार मिनिटे."

माझा बदल. त्याच संध्याकाळी, पावणेसहाला, सोलून झालेल्या दाण्यांची टरफलं झाडून, या माणसानं स्वच्छ अक्षरात खरं लिहिलं होतं. वहीशी खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

मी वही घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. "साहेब, हे काय?"

"वाचता येतंय ना?"

"तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी."

"टाइप करा," म्हणाले. "शब्द बदलू नका."

मी टाइप केलं. शब्द बदलला नाही. आणि मग आठ दिवस गप्प बसले, हेही तुला सांगायला पाहिजे. माझी नोकरी, माझं वय, माझं घर, सगळं मोजलं. नवव्या दिवशी ते पान छापून मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मॅडमनी साहेबांना बोलावलं. वाटलं, आता घाबरतील. ते शांत.

"ही चूक तुमची होती?"

"हो. वहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं, हात कुणी लावला. मी उत्तर दिलं."

मॅडमनी ते छापलेलं पान परत एकदा वाचलं. पण काढणार कसं? सगळा दवाखाना त्यांच्या बोटांवर चालायचा, आणि त्यांनी कुणाला काही शिकवलेलंच नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "सोनवणेंना निर्दोष असल्याचं पत्र द्या. तांत्रिक भाग तुम्हीच लिहा. आणि परत यायचं का विचारा." विचारलं. पप्पा म्हणाले, "नको ताई, पत्र तेवढं पाठवा." पत्र हातात असलं तर बाहेर कुठंतरी काम मिळेल, अशी आशा होती.

साहेबांनी पत्र लिहिलं. वर विषयात प्रसंगाची तारीख, खाली दोन वाक्यं. "श्री. भानुदास सोनवणे यांनी यंत्रणेत कोणताही अनधिकृत बदल केलेला नाही. असा बदल करण्याइतके ज्ञान त्यांना नाही." खाली सही, वर गोल शिक्का, बरोबर मध्यभागी. शाई पसरू नये म्हणून त्यावर हळूच फुंकर घातली, लेकराला खरचटल्यावर घालतात तशी.

मी म्हटलं, "साहेब, दुसरं वाक्य काढा. हे दाखवून त्याला कोण ठेवेल?"

"खोटं आहे?"

"खोटं आहे. 'पेटीनं' म्हणाला होता तो. सगळ्यांसमोर."

"अंदाजानं," साहेब म्हणाले, आणि पाकीट चिकटवलं.

पत्र मी स्वतः फर्दापूरला नेऊन दिलं. पप्पांनी काउंटरवर उभ्यानं वाचलं, घडी घातली, म्हणाले, "ताई, चहा घेणार ना?" बस्स.

साहेबांना त्यानंतर एकदाच बघितलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील. छावणीच्या आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत उभे, अंगात तोच स्वेटर. मी टाळून निघाले होते, त्यांनीच हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाई! त्या सोनवणेचं पत्र त्याच्याकडं आहे ना?"

मी मागं वळले गं. म्हटलं, आलं, या माणसाच्या मनात शेवटी आलं. "आहे साहेब. का?"

"त्यात चूक राहिली. वर मंगळवारची तारीख पडलीय, प्रसंग बुधवारचा. मला दोन वर्षं झोप नाही. तेवढं आणून द्या, तारीख दुरुस्त करतो."

तारीख.

मी म्हटलं, "ते नाही मिळायचं साहेब. फाडून टाकलं त्यानं."

"फाडलं? मूळ प्रत?"

"तुकडे तुकडे करून. चुलीत घातलं."

त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर भीती वाटली. हातातली जुडी खाली पडली. भाजीवाली ओरडली, "ओ चाचा, लेना है तो लो, नहीं तो बाजू हटो!" साहेब हटले नाहीत. माणसं त्यांना धक्के देत दोन्ही बाजूंनी जात होती आणि ते तिथंच, न घेतलेल्या कोथिंबिरीसमोर. मी वळून पाहिलं ते तेवढंच.

खोटं बोलले मी, ऋतुजा. ठरवून, दुखवायला बोलले, आणि बरं वाटलं. अजून वाटतं. पत्र फर्दापूरच्या घरी आहे, लोखंडी कपाटात, तुमच्या शाळेच्या दाखल्यांखाली. पप्पांनी ते कुणालाच दाखवलं नाही. तुलाही नाही, म्हणून तर तू मला विचारलंस. आधी तिकडं जा, माग आणि त्यांच्यासमोर बसून वाच. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सांगायला मी अजून जिवंत आहे.

आणि मग माझ्याकडं ये गं बाई. फोन नको, बसस्टॉप नको. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या शनिवारी, जेवायलाच ये, पप्पांनाही आण. मी काही आता फार दिवस वाट बघण्यातली नाही.